एअर फ्रायरमधल्या पोर्क रिब्ज: आधी झाकून, मग उघड्यावर

एअर फ्रायर रिब्ज मऊ करत नाही. तो वरून भाजतो, रंग आणतो, कडा खरपूस करतो, एवढंच. बरगडीभोवतीच्या मांसात कोलॅजन भरपूर असतं, म्हणून ते चिवट असतं. हे कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायचं तर मांसाच्या आतलं तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहावं लागतं, आणि ९० ते ९५ अंशांपर्यंत गेल्यावरच दात सहज रुततो. पंख्याच्या जोरदार कोरड्या हवेत मांस तेवढा वेळ उघडं ठेवलं, तर आत कोलॅजन सुटण्याआधीच वरचा थर वाळून जातो. ‘२०० अंशांवर २५ मिनिटं’ ही सर्रास सांगितली जाणारी कृती दिसायला झकास रिब्ज देते, पण चावताना जबडा दुखतो.

त्यामुळे काम दोन टप्प्यांत करायचं. पहिला टप्पा फॉइलच्या बंद पुडीत, मंद आचेवर, तासाभराचा. दुसरा उघड्यावर, कडक आचेवर, दहा-बारा मिनिटांचा. पहिल्यात मऊपणा येतो, दुसऱ्यात रंग आणि चकाकी. अमेरिकेत कॅन्सस सिटी किंवा मेम्फिसला लाकडाच्या धुरावर पाच-सहा तास ठेवलेल्या रिब्जची ही नक्कल नव्हे. ती या यंत्रात होणारही नाही. २०१० साली फिलिप्सने एअर फ्रायर बाजारात आणला तो मुख्यतः कमी तेलात बटाट्याच्या फ्राइज करता याव्यात म्हणून. म्हणजे मूळचा तो जोरदार पंखा लावलेला छोटा ओव्हन. तेवढंच धरून चाललं तर फार चांगलं जेवण निघतं.

बरगड्या निवडताना

अमेरिकन पद्धतीत दोन प्रकार मुख्य. बेबी बॅक म्हणजे पाठीच्या कण्यालगतच्या बरगड्या: आखूड, जास्त वळलेल्या, कमी चरबीच्या. पूर्ण पट्टीत साधारण १० ते १३ हाडं असतात आणि वजन ७०० ग्रॅम ते १ किलो भरतं. स्पेअर रिब्ज पोटाच्या बाजूच्या: लांब, सपाट, चरबी जास्त, चव जास्त आणि शिजायला वेळही जास्त. स्पेअर रिब्जची छातीच्या हाडाकडची कूर्चेची कड काढून पट्टी चौकोनी केली की तिला सेंट लुईस कट म्हणतात. एअर फ्रायरच्या बास्केटला बेबी बॅक सोयीच्या, कारण तुकडे उंच होत नाहीत आणि वरच्या कॉइलला चिकटायला जात नाहीत.

मुंबईत वांद्रे, मुंबईजवळ वसई, पुण्यात कॅम्पातलं शिवाजी मार्केट, गोव्यात म्हापसा-मडगावचे बाजार, इथे ताजं पोर्क मिळतं. अडचण वेगळीच असते: बरगड्या रश्शासाठीच घेणार असं गृहीत धरून दोन-दोन इंचांचे तुकडे करायचा हात पडलेला असतो. कोयता उचलण्याआधीच ‘पट्टी सलग ठेवा, चामडी काढा, वरचं मांस हाडाला राहू द्या’ असं सांगावं. मांस निदान बोटभर जाड हवं. काही ठिकाणी वरचं मांस चॉप्ससाठी इतकं खरवडून घेतात की पट्टीत हाडंच उरतात. ती स्वस्त असली तरी सूपच्या कामाची. तुकडे करूनच मिळाले तर तेही चालतात, फक्त वेळ कमी लागतो. तो पुढे दिला आहे.

फ्रोझन पट्टी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात २४ तास ठेवून सोडवायची. ओट्यावर नको: आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरचा भाग जंतू वाढण्याच्या तापमानाला पोचतो. अर्धवट सोडवलेली पट्टी भाजायला घेतली तर हाडापाशी कच्ची आणि कडेला कोरडी निघते. १ किलो रिब्ज तिघांना पुरतात. वजनातला मोठा वाटा हाडांचा असतो, त्यामुळे चिकनच्या हिशोबाने घेतल्या तर कमी पडतील.

पडदा काढणं

पट्टी उलटी करा, हाडांची बाजू वर. हाडांवर पांढरट, चकचकीत, पातळ पडदा दिसेल. तो शिजून मऊ होत नाही, मसाला आत जाऊ देत नाही आणि खाताना प्लॅस्टिकसारखा दाताखाली येतो. एका टोकाच्या हाडावर बोथट सुरीचं टोक पडद्याखाली सरकवून थोडा उचला, बोट जाईल एवढी फट करा, मग टोक किचन पेपरने घट्ट धरून एका दमात ओढा. नुसत्या हाताने धरलं तर सटकतं. फाटला तर दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा. खाटकाने आधीच काढला असेल तर हाडांमधलं मांस थेट दिसतं. उगीच खरवडत बसू नका, आतला थर निघाला तर हाडं सुटी होतात.

पट्टी धुतली असेल तर अगदी कोरडी टिपून घ्या. लोंबणारे चरबीचे गोळे कापून टाका. पातळ थर राहू द्या.

कोरडा मसाला

१ किलो पट्टीसाठी: बारीक मीठ १२ ग्रॅम, म्हणजे सपाट २ टीस्पून, ब्राउन शुगर २ टेबलस्पून, स्मोक्ड पॅप्रिका दीड टेबलस्पून, लसूण पावडर २ टीस्पून, कांदा पावडर, मिरपूड आणि मोहरीची पूड प्रत्येकी १ टीस्पून, तिखट हवं असेल तर लवंगी मिरचीची पूड अर्धा टीस्पून.

स्मोक्ड पॅप्रिका आणि काश्मिरी मिरची यांत रंग सारखा असला तरी काम वेगळं आहे. धुराचा वास या कृतीत पॅप्रिकातूनच येतो. ती नसेल तर काश्मिरी मिरची घ्या, पण मग शेवटी कोळशाचा धुंगार द्या. ब्राउन शुगरऐवजी गुळाची पावडर चालते. तिच्यात ओल जास्त असते, गाठी होतात, म्हणून लावायच्या ऐनवेळी मिसळा. आलं-लसणाची ओली पेस्ट मात्र या कृतीत घालू नये. ती वरच्या आचेवर आधी जळते आणि खाली पापुद्रा धरू देत नाही. गरम मसालाही बाजूला ठेवा; लवंग-दालचिनी पडली की टोमॅटो-व्हिनेगरच्या सॉसशी तिचं पटत नाही.

मीठ लावण्यात घाई करू नका. आधी नुसतं मीठ दोन्ही बाजूंनी लावून पट्टी फ्रीजमध्ये उघडी ठेवा, निदान २ तास, रात्रभर ठेवली तर उत्तम. मीठ आधी पाणी ओढून काढतं, मग ते खारं पाणी मांसात परत मुरतं, आणि वरचा पृष्ठभाग कोरडा होतो. बाकीचा मसाला भाजण्याआधी अर्धा तास लावायचा. चिकटण्यासाठी आधी पिवळ्या मस्टर्डचा अगदी पातळ हात फिरवा. शिजल्यावर तिची चव जाणवत नाही. कासुंदी, म्हणजे बंगाली पद्धतीची आंबवलेली मोहरीची चटणी, त्या जागी नको, तिचा झणका राहतो. विकतचा बार्बेक्यू मसाला वापरणार असाल तर त्याच्या डब्यावर पहिला घटक काय आहे ते बघा. बहुतेक वेळा मीठच असतं. मग वरचं १२ ग्रॅम मीठ वगळा.

पहिला टप्पा: पुडी

पट्टीचे तीन किंवा चार हाडांचे तुकडे करा, तुमच्या बास्केटमध्ये एकमेकांवर न चढता मावतील असे. चार-साडेचार लिटरच्या बास्केटमध्ये एका वेळी साधारण १ किलोच मावतं. जास्त कोंबलं तर मधल्या पुड्या कच्च्या राहतात.

फॉइलचे दोन थर घ्या. हाडांची टोकं धारदार असतात, एक थर हमखास फाटतो आणि रस खाली सांडतो. तुकडा मांसाची बाजू खाली करून ठेवा, कारण या यंत्रात आच वरून येते आणि हाडांची बाजू ती सोसू शकते. प्रत्येक पुडीत १ टेबलस्पून द्रव: सफरचंदाचा रस दोन भाग आणि ॲपल सायडर व्हिनेगर एक भाग. रस नसेल तर पाण्यात चिमूटभर साखर. यापेक्षा जास्त ओतू नका. मांस स्वतःचा रस सोडतंच, आणि पुडीत पाणी वाढलं की उकडलेल्या मटणासारखी चव येते. कडा दोनदा घडी घालून घट्ट बंद करा. व्हिनेगर, मीठ आणि ॲल्युमिनियम यांची तासभर संगत बरी नाही. फॉइलवर करड्या ठिपक्या पडतात आणि किंचित धातूची चव उतरते. आत बटर पेपरचा एक थर घातला की प्रश्न मिटतो.

१६० अंशांवर:

बेबी बॅक, तीन-चार हाडांचे तुकडे: ५५ ते ७० मिनिटं
स्पेअर किंवा सेंट लुईस: ८० ते ९५ मिनिटं
खाटकाने केलेले दोन इंची तुकडे: ४० ते ४५ मिनिटं

बऱ्याच यंत्रांचा टायमर ६० मिनिटांवर थांबतो. परत लावायला विसरू नका. अर्ध्या वेळेनंतर पुड्यांच्या जागा बदला, कारण मागच्या बाजूला आच सहसा जास्त असते. पुडी आणि बास्केटची भिंत यांत बोटभर फट हवी. तळ पूर्ण फॉइलने झाकला तर हवा खालून फिरत नाही आणि एअर फ्रायर नुसता गरम डबा होतो.

फॉइल नेहमी वजनाखाली असावी. प्रीहीट करताना रिकामी फॉइल आत ठेवली तर पंखा तिला उचलून कॉइलवर नेतो. मग जळका वास आणि कधीकधी यंत्रच बंद. आणखी एक घरगुती गोष्ट: ६ अँपिअरचा साधा बोर्ड सुमारे १४०० वॅटपर्यंतच झेपतो. एअर फ्रायर १५०० वॅटचा किंवा वरचा असेल तर तासभर चालणाऱ्या या कामासाठी तो १६ अँपिअरच्या बोर्डावरच लावा. एक्स्टेन्शन वायर गरम लागत असेल तर तिथेच थांबा.

झालं की नाही कसं ओळखायचं

अमेरिकेच्या कृषी खात्याची पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठीची सुरक्षिततेची मर्यादा ६३ अंश आणि त्यानंतर ३ मिनिटं विश्रांती ही आहे. रिब्जच्या बाबतीत तो आकडा उपयोगाचा नाही: ६३ अंशांना त्या खाण्याजोग्या सुरक्षित होतात, चावण्याजोग्या होत नाहीत. आपल्याला ९० ते ९५ हवे आहेत, त्यामुळे डुकराच्या मांसातल्या कृमींची जी रास्त धास्ती असते ती इथे आपोआप मिटते. कच्च्या मांसाची पाट-सुरी मात्र सोबतच्या कोलस्लॉच्या, म्हणजे मेयोनेजमधल्या सॅलडच्या, कोबीला लावू नका. धोका शिजलेल्या रिब्जचा उरत नाही, या न धुतलेल्या सुरीचा असतो.

थर्मामीटरची सुई दोन हाडांच्या मधोमध, हाडाला न टेकवता खुपसा. हाड मांसापेक्षा वेगळं तापतं, तिथला आकडा फसवतो. थर्मामीटर नसेल तर तीन खुणा पाहा. मांस हाडाच्या टोकापासून अर्धा ते एक सेंटिमीटर मागे सरकलेलं असतं. दोन हाडांमध्ये टूथपिक घातली तर अडत नाही. आणि चिमट्याने तुकडा एका टोकाला धरून उचलला तर तो वाकतो आणि वर बारीक तडे जातात. नुसताच ताठ राहिला तर पुडी परत बंद करून १० मिनिटं.

किती मऊ हवं हा वादाचा विषय आहे. हाडावरून आपोआप गळून पडणाऱ्या रिब्ज बहुतेकांना आवडतात, पण कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत परीक्षक त्याला जास्त शिजलेलं मानतात. चावल्यावर तेवढाच घास सुटावा, दातांचा ठसा राहावा आणि बाकीचं मांस हाडाला धरून असावं, ही त्यांची अपेक्षा. आपल्या कामासाठीही हेच बरं: फार शिजलेला तुकडा दुसऱ्या टप्प्यात उलटताना मोडतो आणि सॉसला धरायला पृष्ठभागच राहत नाही.

हाडाजवळ गुलाबी रंग दिसला म्हणून घाबरू नका. कोवळ्या जनावराच्या हाडातलं रंगद्रव्य बाहेर झिरपून पूर्ण शिजलेलं मांसही गुलाबी दिसतं. तापमान बरोबर असेल तर ते शिजलेलं आहे.

पुडी लगेच फाडू नका. १५ मिनिटं बंदच राहू द्या, मग एका कोपऱ्यातून रस वाटीत काढून घ्या. हा रस फेकू नये.

सॉस

कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि मोलॅसिसचा: दाट, गोड-आंबट, काळसर. मोलॅसिससाठी इथे उत्तम पर्याय आपल्याकडे आहे तो काकवी. कोल्हापूर-सांगलीकडची गडद काकवी मिळाली तर तिच्यातला किंचित कडवटपणा या सॉसला शोभतो.

टोमॅटो केचप २०० ग्रॅम, काकवी ३ टेबलस्पून, ॲपल सायडर व्हिनेगर ४ टेबलस्पून, वुस्टर सॉस १ टेबलस्पून, स्मोक्ड पॅप्रिका १ टीस्पून, मोहरीची पूड १ टीस्पून, लसूण पावडर आणि मिरपूड अर्धा-अर्धा टीस्पून. पुडीतला रस वाटीत पाच मिनिटं ठेवला की चरबी वर येते; ती चमच्याने काढून उरलेल्या रसाचे ३-४ टेबलस्पून सॉसमध्ये घाला. मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं आटवा. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती मिटता कामा नये. मीठ अगदी शेवटी चाखून, कारण केचप, वुस्टर आणि रस तिन्ही खारट असतात. आपल्याकडचे बरेच केचप चांगलेच गोड असतात; अशा वेळी काकवी २ टेबलस्पूनवर आणा आणि व्हिनेगर तेवढंच ठेवा.

सॉस नकोच असेल तर मेम्फिसची वाट धरा. तिथे १९४८ पासून चालणारं रँदेव्हू हे हॉटेल कोरड्या रिब्जसाठी प्रसिद्ध आहे: सॉसचा लेप न देता वरून मसाला भुरभुरलेल्या. घरी करायचं तर पुडीतून काढलेल्या तुकड्यांवर व्हिनेगर-पाण्याचा हलका हात फिरवून राखून ठेवलेला थोडा मसाला शिंपडा, यावेळी साखर आणि मीठ सोडून. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात तर पोर्कला नुसतं व्हिनेगर, मिरची आणि मीठ एवढंच लागतं. जेवणात बीन्स आणि कॉर्नब्रेड दोन्ही गोडसर असतील तर हा आंबट-तिखट पर्याय जास्त जमतो.

दुसरा टप्पा: उघड्यावर

इथे दहा मिनिटांत सगळं बिघडू शकतं, म्हणून यंत्रासमोरून हलू नका.

पुडीतून काढलेले तुकडे ओले असतात. सॉस त्या ओलीवर घातला तर घसरून बास्केटमध्ये जातो. आधी किचन पेपरने अलगद टिपा, मांसाची बाजू वर करून बास्केटमध्ये ठेवा आणि २०० अंशांवर ४ ते ५ मिनिटं कोरडं भाजा. पृष्ठभाग चिकटसर-कोरडा झाला की सॉसचा पातळ हात, ३ मिनिटं. पुन्हा पातळ हात, २ ते ३ मिनिटं. सॉसचे दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी चांगले: जाड थराची वरची साय जळते आणि खालचा भाग पातळच राहतो.

सॉस लावल्यावर १९० अंशांवर आणलेलं बरं. साखर १६०-१७० अंशांना करपायच्या वाटेला लागते आणि त्यापुढे तिला कडू व्हायला फार वेळ लागत नाही. यंत्र लहान आणि कॉइल जवळ असेल तर १८० अंश. कडांवर बुडबुडे येऊन रंग गडद तांबूस झाला की काढा. काळे ठिपके एक-दोन असले तर चालतील.

बास्केटखालच्या भांड्यात चरबी ठिबकते आणि गरम तळावर पडून पांढरा धूर होतो. दुसऱ्या टप्प्याआधी खालचं भांडं रिकामं करून पुसा आणि त्यात ३-४ टेबलस्पून पाणी घाला. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत पाणी घालायला मनाई असेल तर जुन्या पावाची एक स्लाइस खाली ठेवा. ती चरबी शोषते. धुराला जळका, कडवट वास येत असेल तर सॉसमधली साखर करपत असावी. तेव्हा आच कमी करा.

धुंगार द्यायचा असेल तर तो यंत्राबाहेरच. तयार रिब्ज झाकणाच्या पातेल्यात रचा, मधे छोट्या स्टीलच्या वाटीत फुललेला कोळसा, त्यावर अर्धा टीस्पून तूप, आणि झाकण ४-५ मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं तर काजळीची कडू चव राहते. एअर फ्रायरमध्ये कोळसा ठेवण्याचे जे प्रयोग दिसतात ते करू नका.

कापताना पट्टी हाडांची बाजू वर करून ठेवा. त्या बाजूने हाडं कुठे वळतात ते दिसतं आणि सुरी हाडावर आपटत नाही.

घाईत असाल तर कुकर

पुडीचा तास नसेल तर कुकर. मीठ लावलेले तुकडे जाळीवर किंवा छिद्रांच्या भांड्यात, खाली १ कप पाणी, पाण्याला तुकडे न टेकवता. पहिली शिट्टी झाल्यावर आच अगदी मंद करून १८ ते २० मिनिटं, आणि प्रेशर आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर मांस आक्रसतं. वाफेत मसाला धुऊन जातो, त्यामुळे मीठ आधी, बाकी मसाला नंतर, तुकडे पूर्ण टिपून. मग दुसरा टप्पा नेहमीसारखा. मऊपणा पूर्ण मिळतो, चव थोडी फिकी पडते, कारण रस पाण्यात जातो. पाण्यात बुडवून उकळायचा सल्ला मात्र ऐकू नका. त्यात सगळी चव पाण्याला जाते.

सोबतीचे पदार्थ

रिब्ज गोड, खारट, चरबीदार. सोबतीला काहीतरी थंड-आंबट आणि काहीतरी सॉस टिपून घेणारं हवं. बाकी आवडीवर.

कोलस्लॉ तासभर आधी करा. ४०० ग्रॅम कोबी शक्य तितका बारीक चिरून, एक गाजर किसून, त्यावर १ टीस्पून मीठ आणि १ टेबलस्पून साखर घालून अर्धा तास चाळणीत ठेवा, मग मुठीत दाबून पाणी काढा. हा टप्पा गाळला तर तेच पाणी ताटात सुटतं आणि मेयोनेज फाटल्यासारखं दिसतं. ८० ग्रॅम मेयोनेज, २ टेबलस्पून चक्का, १ टेबलस्पून व्हिनेगर, १ टीस्पून मस्टर्ड, मिरपूड. अंड्याशिवायचं मेयोनेज बहुधा गोड असतं, तेव्हा साखर निम्मी करा. अमेरिकन कृतीत सेलरीचं बी असतं; नसेल तर वगळा. दिसायला सारखा असला तरी ओवा घालू नका, सगळ्यावर त्याचाच वास चढतो.

बीन्ससाठी लहान पांढरा राजमा १५० ग्रॅम, नाही मिळाला तर चवळी. राजमा ८ ते १० तास भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये बोटाने सहज चिरडेल इतका शिजवा. मगच सॉसमध्ये टाका. आधीच टोमॅटो, व्हिनेगर किंवा काकवीत टाकला तर आंबट आणि गोड दोन्हीमुळे साल घट्ट होते आणि कितीही शिट्ट्या काढल्या तरी दाणा टणक राहतो. एक कांदा बारीक चिरून बेकनच्या दोन पट्ट्यांसोबत परता, वरच्याच सॉसचा अर्धा कप, १ टेबलस्पून काकवी आणि शिजवलेल्या पाण्यातलं एक कप पाणी घाला आणि गॅसवर २५ मिनिटं खदखदू द्या. एअर फ्रायर त्यासाठी अडवण्यात अर्थ नाही.

कॉर्नब्रेडमध्ये बहुतेक घरं एकाच जागी अडखळतात. लागतं ते मक्याचं पिवळं पीठ, भाकरीचं, किंवा शक्यतो थोडं रवाळ. आपल्या दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी पावडर हा नुसता स्टार्च आहे. त्याचा ब्रेड होत नाही, खळ होते. सहा इंची टिनसाठी ८० ग्रॅम मक्याचं पीठ, ८० ग्रॅम मैदा, दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून खायचा सोडा, अर्धा टीस्पून मीठ, २ टेबलस्पून साखर. वेगळ्या भांड्यात १२० ग्रॅम आंबट दही, ६० मिलिलिटर दूध, १ अंडं, ४५ ग्रॅम वितळलेलं लोणी. पातळ ताक घेऊ नका, पीठ तळाला बसतं. दोन्ही दहा-बारा वेळा फिरवून मिसळा, गुठळ्या थोड्या राहिल्या तरी हरकत नाही. जास्त घोटलं की ब्रेड चिवट होतो. १० मिनिटं ठेवून १६० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. पहिल्या १५ मिनिटांनंतर वरून रंग आला असेल तर फॉइल टिनच्या कडेला घट्ट दुमडून झाका. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेकांना कॉर्नब्रेडमध्ये साखर अजिबात खपत नाही. रिब्जवर गोड सॉस असेल तर त्यांचं ऐकायला हरकत नाही.

मक्याची कणसं सगळ्यांत सोपी: स्वीट कॉर्न, वरून लोणी, २०० अंश, १२ मिनिटं, मधे एकदा फिरवून. जून झालेला देशी मका या कोरड्या हवेत दगड होतो. तो आधी उकडून मग ५ मिनिटंच ठेवा. मीठ नेहमी नंतर.

एकच यंत्र, क्रम कसा लावायचा

आठ वाजता जेवायचं असेल तर साडेपाचला कॉर्नब्रेड आत जाईल. सहाच्या सुमारास तो काढून रिब्जच्या पुड्या, आणि त्याच वेळी गॅसवर सॉस आणि बीन्स; पुडीतला रस तेव्हा नसतो, तो पुड्या उघडल्यावर सॉसमध्ये घालून पुन्हा थोडा आटवा. कोबीला मीठही आताच. सव्वासातला पुड्या बाहेर, विश्रांतीला. त्या १५ मिनिटांत कणसं. साडेसातला खालचं भांडं पुसून रिब्जचा दुसरा टप्पा. बास्केटमध्ये एकदम मावल्या नाहीत तर दोन घाण्यांत, म्हणून हा अर्धा तास हाताशी. स्पेअर रिब्ज असतील तर सगळं अर्धा तास अलीकडे. कॉर्नब्रेड फडक्यात गुंडाळलेला राहतो. शेवटच्या रिब्ज निघाल्यावर १५० अंशांवर दोन मिनिटं गरम केला की पुरे.

बिघडलं तर

मांस चिवट: वेळ कमी पडला, दुसरं कारण सहसा नसतं. पुडी बांधून, एक चमचा रस घालून, १६० अंशांवर आणखी १५ मिनिटं. उघड्यावर आणखी भाजत राहिलात तर ते अधिकच वाळेल.

मऊ पण कोरडं: पुडी कुठेतरी उघडी होती किंवा पट्टीवर चरबी नव्हती. आता परत शिजवून फरक पडणार नाही. गरम रस वरून ओता आणि सॉस जास्त द्या.

बाहेर काळं, आत बरोबर: सॉस लवकर लावला किंवा आच जास्त. करपलेला पापुद्रा सुरीने खरवडून पुन्हा एक पातळ हात आणि १८० अंशांवर २ मिनिटं.

फार खारट: मीठ रात्रभर ठेवून वर विकतचा मसालाही लावला असेल. पुडीतला रस सॉसमध्ये घालू नका, व्हिनेगर आणि काकवी थोडी वाढवा, कोलस्लॉमध्ये मीठ टाकण्याआधी चाखा.

उरलेल्या रिब्ज फ्रीजमध्ये ३-४ दिवस राहतात. गरम करताना पुन्हा फॉइलमध्ये, एक चमचा पाणी घालून, १६० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मग उघड्यावर २ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये त्या गरम होतात, पण पापुद्रा मऊ पडतो आणि हाडाजवळचं मांस ताणल्यासारखं होतं.